बाबांच्या खात्यात कोणीतरी आहे

३ मार्च, सोमवार
ऑफिसला ‘आठवड्याची टिप’ पाठवली. जुनी, वापरात नसलेली अकाउंट उघडी ठेवू नका. सगळ्या स्टाफला मेल गेली. उत्तर एकही नाही. म्हणजे लोक चर्चा न करता थेट अंमलात आणतायत. अकाउंट्सवालीने लाइकचा अंगठा दिला होता, पण चुकून, कारण लगेच काढून घेतला.
संकल्प: रोज डायरी लिहायची. कागदावर. कागद हॅक होत नाही. पुढेमागे टिपांचं पुस्तक होईल.

५ मार्च, दुपारी
आज घरून काम. आत्ता हॉलमध्ये बाबा बोलले.
अक्षर वाकडं येतंय, ते पेनमुळे.
बाबांना जाऊन वर्ष उलटून गेलं. मी मीटिंगमध्ये, माइक बंद. हॉलमधून त्यांचा आवाज, अगदी स्वच्छ: अगं, गोळी घेतलीस का? मग काही वेळ काहीच नाही. मग: शहाणी आहेस.
धावत गेलो. हॉलमध्ये कोणी नव्हतं. आईच्या खोलीचं दार लोटलेलं, ती भिंतीकडे तोंड करून आडवी. शेल्फवरच्या स्पीकरचा निळा दिवा नुकता विझत होता.
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बिघाड हार्डवेअरमध्ये असतो नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. उरलेली मीटिंग बाल्कनीत उभ्याने केली. हवा चांगली होती.

६ मार्च
छडा लागला. अर्धा.
जुन्या लॅपटॉपवरून बाबांचं अकाउंट उघडलं. घरातले सगळे पासवर्ड माझ्याकडेच असतात. त्यात रोज दुपारी दोनचा रिमाइंडर आहे, बाबांनी स्वतःच्या आवाजात भरलेला. हा स्पीकर मीच त्यांना आणून दिला होता. कसा वापरायचा म्हणून सारखे विचारायचे, तेव्हा मी व्हिडिओची लिंक पाठवली होती. म्हणजे पाहिली होती त्यांनी.
इथपर्यंत ठीक. पण खाली नोंदी आहेत. काल दुपारी: पूर्ण. परवा: पूर्ण. मागे मागे जात राहिलो, महिनेच्या महिने, पूर्ण, पूर्ण. सगळ्या बाबांच्या टॅबलेटवरून. जो मी भंगारात काढायला सांगितला होता.
वर्षापूर्वी गेलेला माणूस रोज वेळेवर काम संपवून तशी नोंद करतोय. माझ्या टीममधल्या हयात मंडळींना हे अजून जमलेलं नाही.
अंगावर काटा आला. एसी कमी केला.

७ मार्च
शक्यता दोन. पहिली लिहिण्यासारखी नाही. दुसरी: टॅबलेट भंगारवाल्याकडून कोणा हॅकरच्या हाती गेला आणि तो बाबांच्या खात्यात शिरलाय. दुसरीच खरी.
घरात कोणाला विचारायचं नाही असं ठरवलं. आमच्या कामात हे पहिलं शिकवतात. युजर कधी नीट सांगत नाही, उलट गोंधळ वाढवतो. बायको म्हणाली, तोंड का उतरलंय? म्हटलं, ऑफिसचं टेन्शन. ती म्हणाली, जरा आईंजवळ बसत जा. म्हटलं, सध्या आईच्याच सुरक्षेचं बघतोय.
खरं लिहायचं तर दुपारी ऑफिसात बाबांचं पान उघडून बसलो होतो. जेवायलाही गेलो नाही. दोन वाजले. थोड्या वेळाने ओळ उमटली: पूर्ण. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. हॅकरवर माया करून चालत नाही.

९ मार्च, रविवार
कारवाई केली. नवा पासवर्ड, असा की मलाही पाठ होणार नाही. दुहेरी पडताळणी चालू, म्हणजे पासवर्डशिवाय कोडही लागणार. मग ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’. त्यात माझा लॅपटॉपही बाहेर पडला, पण नियम म्हणजे नियम. चहा निवायच्या आत काम फत्ते.
दुपारी दोनला घर एकदम गप्प होतं. सुरक्षित घर असंच असतं.

१० मार्च, सोमवार
टिप पाठवली: ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा कितीही रडला तरी. शेवटचे शब्द माझे स्वतःचे. उत्तर नाही.
सकाळी निघताना आई म्हणाली, स्पीकर बोलत नाहीये रे. मी मोजे चढवत होतो. म्हटलं, तूच काहीतरी दाबलं असशील. हे आमचं ठरलेलं उत्तर आहे आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. ती म्हणाली, ह्यांनी दाखवलं तेवढंच दाबते मी. 

११ मार्च
बायकोने सांगितलं.
टॅबलेट आईकडे आहे. उशीखाली. रोज दुपारी बाबा विचारायचे, ती गोळी घ्यायची, मग ‘पूर्ण’ दाबायची, की बाबा म्हणायचे, शहाणी आहेस. हे सगळं बाबांनी आजारपणात बसून करून ठेवलं होतं. आपण नसलो की ही गोळी विसरेल, एवढीच त्यांना काळजी होती. घरात सगळ्यांना माहीत होतं, बायको म्हणाली. सगळ्यांना म्हणजे त्या दोघींना; सुट्टीला मी घरी असलो की त्या स्पीकरचा आवाज बारीक करायच्या. मला का नाही सांगितलं, विचारलं. ती म्हणाली, तू साफसफाई केली असतीस.
रविवारपासून आईने दुपारची गोळी घेतलेली नाही. थांब, आत्ता म्हणतील, असं म्हणते. डॉक्टरीणबाईंनी प्रेशर बघून बायकोलाच झापलं.
घाबरायचं कारण नाही. लॉगिन करायचं आणि सगळं पूर्ववत. किरकोळ काम आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लॉगिनला कोड लागतो. कोड नोंदवलेल्या नंबरवर गेला. नोंदवलेला नंबर बाबांचा. तो मी गेल्या वर्षी, बाबा गेल्यावर लगेच, बंद करून टाकला. तेव्हा सगळे रडत होते आणि काहीतरी काम करणारा मी एकटाच होतो.

१२ मार्च
कंपनीच्या सपोर्टला फोन. मुलगी फार नम्र. म्हणाली, खातेदाराने स्वतः बोलावं लागेल. म्हटलं, खातेदार वारले. ती म्हणाली, सॉरी सर, मग त्यांनी ईमेल केला तरी चालेल.

१३ मार्च
बाबांच्या नंबरवर फोन लावला. माझ्या फोनवर नाव अजून ‘बाबा’च आहे. वाजत राहिला. आणि उचलला.
हॅलो म्हणाला कोणीतरी. माझ्या तोंडून बाबा निघून गेलं. तो म्हणाला, राँग नंबर. मी बंद केलेला नंबर आता ह्याला मिळालेला. दुकानात असावा, मागे गिऱ्हाईकं बोलत होती.
त्याला सगळं सांगितलं. बाबा, आई, गोळी. म्हटलं, आत्ता तुम्हाला एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवा. त्याने एका गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, साहेब, वाईट वाटतं, पण ओटीपी कोणाला सांगत नसतात. मी रडलो. खोटं नाही, खरंच रडलो. तो म्हणाला, असे रडणारे पण असतात. आणि ठेवला.
माझी टिप पाळणारा हा पहिलाच माणूस भेटला.

१४ मार्च
अंदाजाने कोड टाकत बसलो. मी जगाला सांगतो असं करू नका. अकाउंट कायमचं बंद झालं. आवाज, नोंदी, सगळं गेलं. बॅकअप नाही. बॅकअपवर मी वेगळी टिप लिहिली होती.
बाथरूममध्ये जाऊन बाबांच्या आवाजात म्हणून पाहिलं: अगं, गोळी घेतलीस का? बाहेरून बायको म्हणाली, नको.

१५ मार्च, शनिवार
दुपारी आईजवळ बसलो. टॅबलेट तिच्या मांडीवर, काळा. तिला सांगितलं. अकाउंट मी बंद केलं, चोर समजून. परत येणार नाही.
वाटलं होतं रडेल, नाहीतर मला बोलेल. तिने विचारलं, म्हणजे मी काही दाबलं नव्हतं? म्हटलं, नाही. ती म्हणाली, मला वाटलं माझ्याच हातून गेले. ‘पूर्ण’ दाबायचं ते बोट ती दुसऱ्या हाताने दाबत होती. इतके दिवस ती ह्याच विचारात, आणि मी मोजे चढवत होतो.
गोळी दिली. पाणी दिलं. तिने घेतली.
मग पडल्या पडल्या परत विचारलं, नक्की ना रे, मी नव्हतं दाबलं? म्हटलं, नाही आई. मी दाबलं. बरं, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.