पेन्सिलीतली एकसष्ट गावं

९ फेब्रुवारी

टेबल मिळालं! खिडकीजवळचं. म्हणजे अप्पांचंच. एकतीस वर्षं त्यांनी ज्यावर कोपर टेकलं तिथे आता माझा कॉम्प्युटर. त्यांना कपाटांच्या मागे, झेरॉक्स मशीनच्या शेजारी बसवलंय. साहेबांनी विचारलं, "वडिलांना चालेल ना?" मी म्हटलं, "ऑफिसात ते माझे वडील नाहीत. रजिस्टरवाले क्लार्क आहेत." साहेब खूश. असं तोडून बोलणारी माणसं त्यांना आवडतात.

बाहेर बोर्ड लागलाय — संगणकीकृत व्यवस्थापन माहिती प्रणाली, ग्रामविकास प्रकल्प. मी आपलं सिस्टिम म्हणते. गावोगावचे रस्ते, विहिरी, हातपंप, शाळेच्या खोल्या. कुठलं काम मंजूर, कुठवर आलं, कधी संपलं. आजवर हे सगळं अप्पांच्या रजिस्टरांत. साहेबांना एक आकडा हवा असला की अप्पा चष्मा पुसणार, बोटाला थुंकी लावणार, पानं उलटणार, अर्ध्या तासाने सांगणार. आता बटण दाबलं की आकडा. वीस एप्रिलला मुख्यालयाचे लोक बघायला येतील. पसंत पडलं तर हीच सिस्टिम सगळ्या कार्यालयांत.

आणि रजिस्टरं रद्दीत.

१० फेब्रुवारी

अप्पांनी आज डबा कपाटामागे एकट्याने खाल्ला. बरं वाटलं. लिहून ठेवते, इथे खोटं कशाला बोलू.

१४ फेब्रुवारी

दोन ऑपरेटर दिल्यात. त्यातली एक रजिस्टर उघडलं की ओळीने सात शिंका देते. मी तिचं नाव शिंकरी ठेवलंय. आज शिंकरी विचारत आली — "मॅडम, काही नोंदी शाईत आहेत, काही पेन्सिलीत. वेगळ्या घ्यायच्या का?"

उत्तर मला माहीत आहे. या ऑफिसात अप्पांनंतर फक्त मला. आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या पेन्सिली मीच तासायचे. ठेकेदार म्हणाला "काम पूर्ण" की अप्पा पेन्सिलीत लिहिणार. मग सुट्टीच्या दिवशी स्वतः बसने जाणार, पंप हापसून बघणार. पाणी आलं तर पेन्सिलीवरून शाई. पंपच नसला तर खोडरबर. ऐकलेलं पेन्सिलीत, बघितलेलं शाईत, नसलेलं साफ! कुठल्या नियमात नाही हे. त्यांचं आपलं खूळ. आई म्हणायची, आमच्या संसाराच्या सगळ्या सुट्ट्या पंप हापसण्यात गेल्या.

मी शिंकरीला म्हटलं, "अक्षर लागतंय ना? मग टाक."

१७ फेब्रुवारी

आले! सगळ्यांसमोर टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही.

"मॅडम," — मला मॅडम म्हणतात, त्यात मीठमिरची भरलेली असते — "पेन्सिलीच्या नोंदी पूर्ण धरू नका. तिसरा रकाना ठेवा. 'कळवलं आहे, बघितलेलं नाही' असा."

तिसरा रकाना म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. तो हवा हेही खरं. मलाही सुचला होता, अगदी पहिल्या आठवड्यात. पण आता त्यांनी मागितला. म्हटलं, "बदल हवा असेल तर फॉर्म भरा. तीन प्रती."

कपाटामागे बसून भरल्या. तीनही प्रती सारख्या, अक्षर मोत्यासारखं. मी न वाचता ड्रॉवरमध्ये टाकल्या. पोच मागितली नाही त्यांनी. मुलीकडे पोच कशी मागणार!

२२ फेब्रुवारी

आईने पोळ्या लाटता लाटता विषय काढला. "गुडघ्यामुळे वर्षभर फिरता आलं नाही गं त्यांना, म्हणून एवढ्या पेन्सिली राहिल्यात. ऑफिसची गाडी मिळते ना तुला? चार रविवार ने त्यांना."

"मी ड्रायव्हर नाही."

"त्यांचं ऐकलंस तर काय झिजणार आहेस?"

आईला कळत नाही. घरात एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. आमची उंची, गोवर कधी आला, दात कधी पडले, सगळं आहे त्यात. एका पानावर दादाची ओळ — "मास्तर म्हणाले, मुलगा इंजिनिअर होईल." पेन्सिलीत होती. दादा पास झाला त्या संध्याकाळी अप्पांनी त्यावरून शाई फिरवली, आणि आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवली. त्याच्याखाली माझी ओळ. "शाळेच्या बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे. हिच्या हातून मोठं काम होईल."

एकोणीस वर्षं झाली. मी पहिल्या वर्गात पास झाले, नोकरी लागली, दोन शहरांत सिस्टिम बसवून आले. प्रत्येक वेळी वही उघडून बघितली. पेन्सिलच. दादा आता सहा महिन्यांनी एकदा फोन करतो, तोही आईने मिस्ड कॉल दिला तर. पण तो शाईत.

३ मार्च

हातपंपांचं काम संपलं. एकूण ४१२. पूर्ण ४१२. स्क्रीनवर सगळीकडे हिरवी खूण! साहेब खुर्चीतून उठून आले. घड्याळ न बघता पाच मिनिटं उभे होते, हा विक्रम असावा.

ते गेल्यावर रजिस्टर घेऊन मीच मोजलं. पेन्सिलीतल्या नोंदी एकसष्ट. मोजायची गरज नव्हती. पण मोजलं.

२४ मार्च

साहेबांना कल्पना सुचली. "जिथे पंप पूर्ण आहे तिथे पाण्याचा टँकर कशाला जातो? यादी काढा." यादी निघायला बारा सेकंद लागले. एकसष्ट गावं! एकही कमी नाही, एकही जास्त नाही. म्हणजे टँकर चालू होता तो नेमका पेन्सिलीच्याच गावांना. हे बघून कोणालाही शंका यावी. साहेबांना आली नाही. म्हणाले, "बघा, किती उधळपट्टी चालली होती."

एक तारखेपासून टँकर बंद. पत्रं माझ्या प्रिंटरवरच छापली.

२ एप्रिल

टँकरवाला तणतणत आला. दगडखाणीच्या वस्तीवर पाणी नेणारा, गळ्यात रुमाल, आवाज इंजिनपेक्षा मोठा. "मॅडम, तिथे पंप नाही हो! नुसतं भोक आहे जमिनीत. पाइपसुद्धा ठेकेदार परत घेऊन गेला."

"कॉम्प्युटरमध्ये पंप आहे."

"मग कॉम्प्युटरमधूनच हापसा पाणी!"

सगळं ऑफिस हसलं. मलाही हसू येत होतं, दाबलं. त्याला बाहेर काढायला लावलं. कपाटामागून अप्पा सगळं ऐकत होते.

५ एप्रिल

रविवार. जेवण झाल्यावर अप्पा माझ्या खोलीत आले. दारात उभे राहिले, आत यायला गुडघा तयार नव्हता की ते, कोण जाणे. हातात कागद. एकसष्ट गावांची नावं, पेन्सिलीत.

"साहेबांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, मॅडमशी बोला. म्हणून आलोय. एवढ्या गावांचे टँकर चालू कर. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. गावांवर नको."

मॅडम नाही, अहो-जाहो नाही. किती वर्षांनी असं बोलले! मला तेव्हाच कागद घेता आला असता. घेतला नाही.

"ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणा. मॅडमचं यंत्र बरोबर आहे, माझी रजिस्टरं चुकीची आहेत. एवढं एक वाक्य. मग बघते."

ते म्हणाले, "न बघितलेलं मी म्हणत नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं. कागद घडी करून खिशात घालून गेले. बाहेर आईचा आवाज आला, "काय म्हणाली?"

२० एप्रिल

जिंकले! मुख्यालयाचे पाच जण, एसी मुद्दाम भाड्याने आणलेला, बिस्किटं. त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी यादीवर बोट ठेवलं — "हे कुठलंही एक दाखवा बरं. ही दगडखाणीची वस्ती."

एवढ्या गावांत तीच! माउस तिच्या नावावर नेला. दाबलं. हातपंप — पूर्ण — हिरवी खूण. "वा!" बाई म्हणाल्या. टाळ्या.

कपाटाशेजारी अप्पा उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या एका माणसाच्या दोन हातांकडे माझं लक्ष राहिलं, म्हणून रागाने डोकं उठलं. सगळी खोली वाजवत होती की!

३ मे

दगडखाणीच्या वस्तीवरची एकोणीस माणसं दवाखान्यात. खाणीच्या खड्ड्यातलं साठलेलं पाणी पीत होते, महिनाभर.

५ मे

एक म्हातारी गेली, सकाळी. दुपारी तिची नात.

मला भीती वाटली. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. नात किती वर्षांची होती ते शिंकरीने रडत रडत सांगितलं, आणि मी मनात हिशेब करत होते की पेन्सिल-शाईबद्दल तिला मी काय बोलले होते ते तिला आठवतंय का. अशी आहे मी. दुसरीकडे कुठे लिहिणार हे.

६ मे

शुक्रवारी चौकशी. रजिस्टरं तपासणार. पान उघडलं की पेन्सिल दिसणार, मग विचारणार — ही नोंद पूर्ण म्हणून कोणी टाकायला लावली? ड्रॉवरमधून अप्पांचे फॉर्म काढले. पहिल्यांदा वाचले. "सदर नोंदी प्रत्यक्ष न पाहिलेल्या असल्याने त्यांवर विसंबून कोणतीही सोय बंद करू नये, ही विनंती." फेब्रुवारीत लिहिलंय हे! तिन्ही प्रती फाडल्या, बारीक तुकडे केले, संडासात टाकून पाणी सोडलं.

रजिस्टरं मात्र हाती लागेनात. कपाटाची किल्ली अप्पांच्या कमरेला. ते आज घरी उशिरा आले. मागायचं धाडस झालं नाही.

८ मे

चौकशीला दोघे जण. अप्पांनी स्वतः रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. माझ्याच टेबलावर. चौकशी अधिकाऱ्याने पान उघडलं.

शाई.

त्याने पुढचं पान उलटलं. शाई. सगळीकडे शाई! दगडखाणीची वस्ती — पूर्ण — निळ्या शाईत. बाकीच्या जुन्या नोंदींपेक्षा निळी जरा जास्त निळी. त्याला ते दिसलं नाही, मला लगेच दिसलं. एकतीस वर्षांत न बघितलेल्या एकाही पंपावर ज्या माणसाने शाई लावली नाही, त्याने एकसष्ट पंपांवर लावली होती. काही अक्षरं हललेली.

"या नोंदी तुमच्या?"

"माझ्या."

"पंप नसताना पूर्ण लिहिलं?"

अप्पा सरळ उभे राहिले, गुडघा दुखत असताना. आणि सगळ्यांसमोर, शिंकरीसमोर, साहेबांसमोर, दारात टपून बसलेल्या टँकरवाल्यासमोर म्हणाले, "मॅडमचं यंत्र बरोबर आहे. माझी रजिस्टरं चुकीची आहेत."

मी मागितलेलं वाक्य. शब्दाला शब्द.

टँकरवाला दारातूनच ओरडला, "म्हाताऱ्या, लाज वाटत नाही?" अप्पा त्याच्याकडे बघून मान खाली घालून उभे राहिले. मी बोलू शकले असते. तोंड माझंच होतं, जीभही होती. स्क्रीनकडे बघत बसले. निलंबनाचं पत्र माझ्या प्रिंटरवर छापलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

९ मे

टँकर पुन्हा सुरू झाले. मुख्यालयाचं पत्र आलं. "चौकशीत प्रणालीतील माहिती मूळ नोंदींशी तंतोतंत जुळल्याचे आढळले." सगळ्या कार्यालयांत लागू. प्रमुख म्हणून माझं नाव.

रजिस्टरं रद्दीत जाणार नाहीत. पुरावा म्हणून सील झाली.

१० मे

"अप्पा, का केलंत?" शेवटी विचारलं. ते चपला घालत होते. आईने पुढ्यात काठी ठेवली.

"दगडखाणीवर जाऊन येतो," ते आईला म्हणाले. मला नाही. "ऐकलंय नुसतं. बघून येतो."

आई म्हणाली, "मारतील तुम्हाला तिथले लोक." ते गेले. मी ऑफिसच्या गाडीचा विचार केला, तेवढ्यात बस सुटली असणार.

११ मे

संध्याकाळी परत आले. सदऱ्यावर चिखल, एका कानामागे रक्त सुकलेलं. आईने पुसलं. कोणी मारलं ते सांगितलं नाही. जेवले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "लाल वही दे." आईने दिली. मी दाराच्या फटीतून बघत होते. लहानपणी दादाच्या वेळी बघत होते तशी! माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण आलं. आता शाई लावतील. माझ्यासाठी एवढं केलं, आता लावतीलच.

१२ मे

वही पाहिली.

दादाच्या ओळीखाली कागद कोरा आहे. पानांच्या बेचक्यात खोडरबराचा चुरा अजून तसाच आहे.