शिवून दिलेली बाही

प्रिय चिमणे,

माझं चित्त अजून थाऱ्यावर नाही. सकाळपासून एकाच शर्टाचं काज तीनदा उसवलं. गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, आता वय झालं. मीही मान डोलावली.

आपल्या चर्चमधली समेटाची पद्धत तुला ठाऊकच आहे. रुसलेली दोन्ही माणसं आपापलं दुखणं नाव न घालता कागदावर लिहून देतात आणि मध्यस्थ ते शांत आवाजात वाचून दाखवतो. वीस वर्षं तो मध्यस्थ मी. भावाभावांची, सासवासुनांची, गायनमंडळातल्या त्या दोन भांडकुदळ बायकांचीसुद्धा तोंडं मी एकमेकांकडे वळवली. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या गुरुवारी पाळकसाहेबांनी बोलावून एक टाइप केलेला कागद हातात दिला. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. आधी वाचा, म्हणाले. मी घसा खाकरून माझ्या ठेवणीतल्या आवाजात सुरू केलं. नवरा हात उगारतो. बापाने एकदा समेट करून दिला. दुसऱ्यांदा ती माहेरी आली, तेव्हा बापाने प्रार्थना केली आणि परत पाठवलं. काय तरी बाप, असं माझ्या मनात आलं. पुढची ओळ होती, "माझी बाही फाटली होती. बाबांनी ती मशीनवर शिवून दिली आणि कशी फाटली ते विचारलं नाही."

मी कागद टेबलावर ठेवला. उरलेलं पाळकसाहेबांनी वाचलं. तू महिन्याभरापूर्वीच ते घर सोडलंस, हेही मला तेव्हा कळलं.

ती बाही आठवते गं मला. निळी होती. शिवण उसवली नव्हती, कापडच फाटलं होतं. पन्नास वर्षं मशीन चालवतोय. कोणी हिसडल्याशिवाय कापड असं फाटत नाही, हे मला कळत होतं. तरी मी मान वर केली नाही. देवाने तुमचा समेट घडवला, अशी साक्ष मी चर्चमध्ये मंडळीसमोर मोठ्या तोऱ्यात दिली होती, ती खोटी ठरली असती. माझी लाज राखायला मी तुला परत पाठवलं.

या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून ती साक्ष मागे घेतली. मध्यस्थाचं कामही सोडलं. तुझ्याकडे क्षमा मागत नाही. लोकांना घाईघाईने क्षमा करायला लावण्यातच माझी वीस वर्षं गेली, आता तुला तरी घाई करणार नाही.

तुझा पत्ता मी विचारलेला नाही, म्हणजे तो माझ्या तोंडून कोणाला कळायला नको; पत्र पाळकसाहेबांच्या हाती देतोय. काल जावई दुकानात आला होता. ढसाढसा रडला. "पप्पा, ती तुमचं ऐकते. एकदाच मध्ये पडा," म्हणाला. मागच्या वेळीही तो असाच रडला होता आणि मी विरघळलो होतो. या वेळी मी म्हणालो, "मी मध्ये कसा पडू? मी तिच्या बाजूचा आहे." हे तुला दुसऱ्या कोणाकडून नाही, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझाच, आता फक्त तुझाच,
बाबा