घाट चढणाऱ्या मामास

चि. कपिल यास बेबीताईचा आशीर्वाद. (आशीर्वाद देल्ल्याशिवाय पत्र सुरू करता येत नाही म्हणून देल्ला आहे, मनातून देल्ला असं समजू नको.) तुयी तब्येत कशी आहे हे मी इचारत नाही. ज्या माणसाले परदेशातले डोंगर चढाले ताकद आहे त्याची तब्येत दणदणीतच असीन. मायं बीपी वाढलं आहे. प्रेरणाले मात्र खरा आशीर्वाद सांग, ते पोरगी गुणाची आहे, तुयाशी संसार करून राह्यली. इकडं घाटंजीले सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण काहीच ठीक नाही.

फोनवरच बोलली असती, पण तू ऐकतं कुठी? सलोनीच्या लग्नाची जूनमधली तारीख सांगाले तुले फोन केला त तू धापा टाकून राह्यला होता. मले वाटलं, भाचीचं लग्न ठरलं म्हणून पोराचा ऊर भरून आला असीन. कशाचं काय, सायबाले चढ लागला होता! अन् तारीख ऐकल्यावर म्हणतं काय, "ताई, त्याच रविवारी मायी घाटाची शर्यत आहे, किती वर्षांनी नंबर लागला, लग्नाले काही जमत नाही." अन् फोन बंद. अरे, सलोनीले मामा किती आहेत? एक. तो एक, तो बी डोंगरावर. भटजी माईकवर ओरडते का मुलीच्या मामानं मुलीले घेऊन यावं, तवा मांडवातले सारे लोक दाराकडं पाहते. तवा मी कळंबवाल्या सोयऱ्याईले काय सांगू? का मामा तिकडं आखूड चड्डी घालून घाट चढून राह्यला म्हणून?

अन् शर्यत तरी कशाची रे बावा? तुयी ते सायकल म्या पाह्यली आहे. मागच्या उन्हाळ्यात तू आमाले ऑस्ट्रियाले बलावलं, आमी गेलतो, चांगलं खाऊपिऊ घातलं, ते मी नाही म्हणत नाही. (ते प्रेरणानं घातलं.) पण तुया घरात पाय ठेवला त दिवाणखान्यात सोफ्याच्या बाजूले सायकल उभी! तिले कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. तिथल्या गाईच्या गळ्यात ह्या एवढ्या घंट्या, अन् तुया सायकलले एक नाही. तुये भाऊजी वावरात जाते त्या काया सायकलवर युरियाची थैली जाते, फवाऱ्याचा पंप जाते, येतानी मी बी येते. तुया सायकलवर एक पाण्याची बाटली जाते अन् तू जातं. वरून पायाचे केस काढले! काहून म्हणून इचारलं त म्हणतं, हवा कापाले बरं पडते. इतकीच हवा कापाची होती त डोक्यावरचे कायले ठेवले?

बरं, तुये शौक तुयापाशी. पण याईले कायले नेलं? "भाऊजी रोज सायकल चालवते, त्याईले काय कठीण," असं म्हणून तू भाड्यानं दुसरी सायकल आणली अन् ते जोडे आणले. त्या जोड्याखालतं एक खटका राह्यते, तो पायडलात अडकते, टाच बाहीर वळवली तरच सुटते. हे तू त्याईले एकदाच सांगतलं, ते बी निघता निघता, पाठमोरा. मी, सलोनी अन् प्रेरणा मांगून गाडीत होतो, म्हणून मले सगळं दिसलं. अजून दिसते. भाकर टाकतानी दिसते.

तुले त्याईची सवय माहीत आहे. मारुतीच्या पारापाशी सायकल थांबवते, एक पाय टेकते, चप्पल काढते, हात जोडते, मंग वावरात जाते. कळंबच्या चिंतामणीच्या रस्त्यानं एसटी निघाली त सीटवर बसल्या बसल्या चप्पल काढते. जनम गेला त्याईचा याच्यात. अन् तुया त्या घाटात दर वळणावर क्रुसावरचा लाकडाचा देव उभा! वरतं इवलंसं छप्पर, खालतं ताजे फुलं. देव कोणाचाही असो, तो देवच, असं याईचं म्हणणं. पयल्या वळणावर याईनं हात जोडले. हात सुटले हँडलवरचे, पाय अडकले पायडलात, अन् हे आडवे, सायकलसकट. मले वाटलं आता शिकले असतीन. दुसऱ्या वळणावर हात नाही जोडले, आधी जोडे काढाले गेले. जोडा पायडलातून निघे ना अन् पाय जोड्यातून निघे ना. पुन्हा आडवे, या टायमाले देवाच्या बरोबर समोर. तिसऱ्या वळणाले म्या काच खाली करून ओरडली, "अवो, देवाकडं पाहू नका!" लग्नाले इतके वर्षं झाले, नवऱ्याले असं कधी म्हणलं नव्हतं, ते तुयापायी म्हणा लागलं. अन् याईनं पाह्यलंच.

मले राग कशाचा आहे ते आता सांगते. पडले त पडले, माणूस पडते. पण तू थांबला नाही. एकदा मान वळवून पाह्यलं, हातातल्या घड्याळात पाह्यलं अन् बुड उचलून पुढं निघून गेला. तिथं वरच्या घरातून एक म्हातारी निघाली, फडक्यानं हात पुसत, तुया ना ओळखीची ना पाळखीची. तिनं याईले बाकड्यावर बसवलं, पाणी देल्लं, खाली बसून पायातले जोडे काढून देल्ले. मंग हे बिनजोड्यानं देवापाशी गेले, शांतपणे हात जोडले, अन् ते म्हातारी बी बाजूले उभी राहून हात जोडून होती. माया डोयाले पाणी आलं. तिथून पुढं मात्र हे सायकलवर बसले नाही. मोज्यावर पायी पायी सायकल ढकलत वरपर्यंत आले, दर वळणावर थांबत, अन् मांगं गाड्याईची ही लांब रांग. कोणी हॉर्न नाही वाजवला, ते लोक चांगले. वरतं पोचले त तू काय म्हणलं, आठवते? "भाऊजी, तुमच्यापायी माया टाइम गेला!" हे हासले. मी नाही हासली. त्या दिवसापासून ते वाक्य माया छातीत बसलं आहे.

अन् आता तेच तू सलोनीले ऐकवून राह्यला, फक्त सबूद येगळे. लहानपणी तुले सायकल शिकवतानी मांगून कॅरिअर धरून सदर बाजारातून कोण पळत होतं रे? तवा मायाबी टाइम जात होता. परकराचा काठ चेनमधी फाटला, आईचा मार खाल्ला, पण तुले पडू नाही देल्लं. हे ऐकवाचं नव्हतं, पण डोकं फिरलं का तोंडातून निघते.

घरातबी मायं कोणी ऐकत नाही. तुये भाऊजी तुयाच बाजूनं आहे. "जाऊ दे वं, पोराचा मोठ्या मुश्किलीनं नंबर लागला," म्हणते, अन् आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगापाशी उभं राहून लोकाईले सांगते का म्या परदेशातला बर्फाचा डोंगर चढला. (पायी, हे नाही सांगत.) तिकडं आपला चुलत भाऊ राजकुमार मामा म्हणून उभं राहाले एका पायावर तयार आहे, सफारी शिवाले टाकला त्यानं. सलोनीले इचारलं त ते पोट्टी म्हणते, "कपिलमामा नसीन त ती जागा रिकामीच ठेव आई, मी एकटी चालत येईन." अन् उठून आंगणात गेली, कपडे वाळले नव्हते तरी काढाले. मी चुलीपाशी बसून रडली, सांगून ठेवते.

म्हणून आता कान उघडे ठेवून वाच. तारीख बदलणार नाही. येवाई म्हणले तरी नाही, भटजी म्हणला तरी नाही, खुद्द चिंतामणी म्हणला तरी नाही. एका सायकलीसाठी मी मायी पोरगी थांबवणार नाही. तू जा तुया घाटात, काप हवी तेवढी हवा.

तुयी (सध्या तरी) बहीण,
बेबी

ता. क. : तुये भाऊजी इचारून राह्यले का ते आतून गादी लावलेली चड्डी एक पाठवता येईन का. वावराचा रस्ता लय खराब झाला म्हणते. काया रंगाची पाठव, धोतराच्या आतून घालतीन.

ता. क. : हे पत्र प्रेरणाले दाखवू नको. तिच्याशी माया फोन झाला आहे. तुया त्या घाटाचा रस्ता दिवाळीनंतर बर्फानं बंद होते अन् पार उन्हाळ्यापर्यंत उघडत नाही, हे तिनंच सांगतलं. तू मले कधी सांगतलं नाही.

ता. क. : परवा एसटीनं कळंबले येवायाकडं जाऊन आली, कोणाले न सांगता. म्हणलं, जूनमधी पेरणीची घाई, पोरीकडच्याईचं एवढं ऐका. आढेवेढे घेतले त्याईनं, इहीनबाईनं तोंड बी वाकडं केलं, पण चहा होता होता हो म्हणले. पत्रिका छापल्या नव्हत्या ते बरं झालं. लग्न आता तुळशीच्या लग्नानंतर आहे. राजकुमारले म्हणलं, सफारी घालून जेवाले ये. सलोनीले अजून सांगतलं नाही, ते तू सांग, अन् चढावरून नको सांगू, घरी बसून सांग. बर्फ पडला का निघ.