डॉक्टरांचा आवाज माझा

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.
सध्या एका परदेशी मालिकेचं डबिंग चालू आहे. दहा भाग. नायक मानसोपचारतज्ज्ञ. पिकलेली दाढी, चामड्याची खुर्ची, पाठीमागे पुस्तकांची भिंत. आपल्या भाषेत त्याचा आवाज माझा. सहा भाग झाले. सहा भागांत सत्तावीस माणसं रडवून बरी केली.
बायकोने उद्याची काउन्सेलरची वेळ घेतली आहे. दोघांसाठी. चार मंगळवार. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. बढती मिळतेय, पण सहा तासांवरच्या गावी. पंचवीस तारखेपर्यंत होय-नाही कळवायचं. गेली तर एकटी जाणार आणि परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघणार, असं तिचं म्हणणं. त्याआधी एकदा नीट बोलू म्हणाली. मी म्हटलं, त्यासाठी बाहेरचं माणूस कशाला? या विषयात मी रोज आठ तास काम करतो.
ती उठून कुकर लावायला गेली. पटलं असावं.

३ सप्टेंबर, मंगळवार
साफ निराशा. पेशंटने आडवं व्हायचा कोच नाही. पुस्तकं नाहीत. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबलफॅन. काउन्सेलरबाईंना सर्दी. टिश्यूचा डबा समोर होता, पण तो त्याच वापरत होत्या. आधी फॉर्म भरून घेतला. वय, रक्तदाब, झोप. मालिकेतला आमचा डॉक्टर फॉर्म भरून घेत नाही. तो खिडकीबाहेर बघतो आणि पेशंटला आपोआप लहानपण आठवतं.
अडचण काय वाटते, असं विचारलं. मी डॉक्टरांच्या आवाजात सविस्तर सांगितलं. आवाज छान आहे म्हणाल्या. मग ही बोलली. या बढतीचा अर्ज म्हणे फेब्रुवारीत केला आणि मला तीनदा सांगितलं. मी नाही म्हटलं. हिने तारखा सांगितल्या. तिसऱ्या वेळी मी गुळण्या करत होतो, हे मला मान्य. आवाज हे माझं भांडवल आहे. कुठल्याही चित्रपटात इतकी मोठी गोष्ट नवऱ्याला गुळण्या करताना सांगत नाहीत. समोरासमोर बसवतात, बाहेर पाऊस लावतात.
गृहपाठ मिळाला. रोज संध्याकाळी दहा मिनिटं तिने बोलायचं, मी गप्प बसायचं. मग ती काय म्हणाली ते मी माझ्या शब्दांत सांगायचं. माझ्यासारख्याला हे म्हणजे फारच सोपं.

४ सप्टेंबर, बुधवार
खुर्ची खिडकीशी लावली, दिवा पाठीमागे घेतला. हिने बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच मिनिटाला चौथ्या भागातलं एक अप्रतिम वाक्य आठवलं. मध्ये बोलायचं नव्हतं म्हणून दाबून धरलं. विसरू नये म्हणून मनात घोकत बसावं लागलं. माझी पाळी आल्यावर डोळ्यांत बघून म्हटलं, “तू ज्या दारावर थापा मारते आहेस, ते आतून उघडंच आहे.”
ती म्हणाली, “मी गॅलरीतल्या गळक्या नळाबद्दल सांगत होते.”
नळानंतरही बरंच काही बोलली होती. ते राहिलं.
निश्चय: उद्यापासून नळानंतरचं ऐकायचं.

७ सप्टेंबर, शनिवार
खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात भेटले. गुडघा दुखतोय म्हणाले. मी दोन पायऱ्या खाली उतरलो, म्हणजे नजर सारखी येते, आणि विचारलं, “गुडघ्याचं राहू द्या. या जिन्यावर आधी कोण चढायचं तुमच्याबरोबर?” त्यांनी खिसे चाचपले. मग मलम घरी राहिलं म्हणून परत गेले.
मलम हे अर्थातच निमित्त. आत काहीतरी हललं आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार
दुसरी बैठक. बाईंची सर्दी बरी. आठवडाभरात ही काय काय म्हणाली, असं त्यांनी मला विचारलं. मी नळाचं सांगितलं. आणखी? मी म्हटलं, एकंदरीत तिच्या मनात बरंच साचलंय. बाईंनी काय साचलंय ते विचारलं. ही टेबलफॅनकडे बघत होती.
मग बाईंनी विषय बदलून कामाबद्दल विचारलं. आनंदाने समजावून सांगितलं. बंद खोली, कानाला हेडफोन, समोर पडदा. पेशंटचे आवाज दुसरे कलाकार देतात, दुसऱ्या दिवशी. त्यांची आणि माझी गाठही पडत नाही.
“मग पेशंट काय बोलतोय ते तुम्हाला कसं कळतं?”
म्हटलं, हेडफोनमध्ये मूळ भाषेत ऐकू येतं की.
“ती भाषा येते तुम्हाला?”
म्हटलं, नाही, आणि गरजही नाही. त्याचे ओठ थांबले की माझं वाक्य सुरू.
बाई बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. आणि ही हसली. अगदी खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरात गेल्या कित्येक महिन्यांत असं हसली नव्हती. रिक्षातही मध्येच तिला हसू येत होतं. मग एकाएकी थांबली आणि घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसली.
मालिकेत ब्रेकथ्रू पाचव्या भागात येतो. आमचा दुसऱ्याच बैठकीत आला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
नववा भाग पूर्ण. दहा मिनिटांचा गृहपाठ दोन दिवस बुडाला, कारण घसा जपायचा होता. गप्प बसायला घसा कशाला लागतो, असं ही म्हणाली. तांत्रिक गोष्टी बाहेरच्यांना समजत नाहीत.
पोस्टमास्तर हल्ली मागच्या जिन्याने जातात. तो जास्त उभा आहे. म्हणजे गुडघा बरा झाला.

१७ सप्टेंबर, मंगळवार
तिसरी बैठक. प्रत्येक चित्रपटात पुरुष एकदा रडतो आणि तिथून सगळं सुरळीत होतं. आज ते उरकून घ्यायचं ठरवून गेलो होतो. विसाव्या मिनिटाला आवाज थोडा फोडला, श्वास अडकवला, डाव्या डोळ्यातून पाणी काढलं. बाईंनी टिश्यू पुढे केला आणि हिला विचारलं, आत्ता काय वाटतंय?
ही म्हणाली, हे त्याचं दोन नंबरचं रडणं आहे, विम्याच्या जाहिरातीत वापरतो.
तीन नंबरचं जास्त खोल आहे, पण त्याला वॉर्म-अप लागतो.
मग ती बाईंकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, “मला तुझ्याकडून उत्तरं नको होती रे. मी घरी आले की आज काय झालं एवढं विचारावंस आणि मग थांबावंस. बाकी काही नको होतं.”
वाक्य चांगलं आहे. डबिंगला जरा लांब पडेल. ‘नको होतं’ असं का म्हणाली, ‘नकोय’ का नाही, ते विचारायचं राहून गेलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
ही घरी आल्याबरोबर विचारलं, आज काय झालं? ती पर्स खाली ठेवून खरंच सांगायला बसली. कुठल्यातरी विहिरीचे नमुने, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, वरिष्ठ ओरडले. मी थांबलो. पण किती वेळ थांबायचं ते मंगळवारी ठरलं नव्हतं. चार-पाच मिनिटांनी मी म्हटलं, वरिष्ठांमध्ये तुला तुझे वडील दिसतात.
ती पर्स घेऊन आत गेली.

२० सप्टेंबर, शुक्रवार
आज डोकं फिरलं. दहाव्या भागात डॉक्टरांना एकही संवाद नाही. पेशंट नऊ मिनिटं बोलते आणि डॉक्टर फक्त “हं” म्हणतो. अकरा वेळा. मालिकेचा शेवट असा असतो का? आमच्या डबिंग डायरेक्टरला आम्ही कप्तान म्हणतो. कप्तान काचेपलीकडून म्हणाला, हाच सगळ्यात अवघड भाग आहे. मी हसलो.
पहिला हं, सोळा टेक. प्रश्नासारखा आला. होकारासारखा आला. एकदा तर ढेकर आल्यासारखा आला. शेवटी कप्तानने माईक बंद केला, आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, “तू ऐकत नाहीयेस. तुझी पाळी यायची वाट बघतोयस. आवाजात कळतं ते.”
म्हटलं, हेडफोन खराब आहेत. बदलून दिले. आणखी एकोणीस टेक. मग म्हणाला, तू जा घरी, हं मी टाकतो.
त्याचा आवाज डॉक्टरांच्या दाढीला अजिबात शोभणार नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
दहा मिनिटं अत्युत्तम. आज एकदाही तोंड उघडलं नाही. मंगळवारी शेवटची बैठक, त्यासाठी एक भाषण रचलंय. तेच मनात बसवत होतो, त्यामुळे मध्ये बोलायचा मोहच झाला नाही. शेवटी तिने विचारलं, चालेल ना तुला? मी डोळे मिटून म्हटलं, “हं.”
काय आला म्हणून सांगू! प्रश्न नाही, घाई नाही, नुसता हं. कप्तान हवा होता ऐकायला. तिचेही डोळे भरून आले. थोडा वेळ हात हातात घेऊन बसली.
भाषण: सुरुवात मंद, मधे चढ, शेवटी ‘जाऊ नकोस’. सहा मिनिटं.

२४ सप्टेंबर, मंगळवार
शेवटची बैठक. भाषण सुरू केलं. तिसऱ्या मिनिटाला हिने हात वर करून थांबवलं आणि म्हणाली, मी काल होकार कळवला.
म्हटलं, माझ्याशी न बोलता?
ती म्हणाली, “रविवारी सगळं सांगितलं तुला. का जातेय, तू काय म्हणालास तर थांबेन, तेसुद्धा सांगितलं. मग विचारलं, चालेल ना. तू हं म्हणालास. किती वर्षांनी वाटलं की तुला ऐकू आलंय.”
बाईंनी मला विचारलं, ती रविवारी काय म्हणाली ते आठवतं का?
घरी येऊन रविवारची नोंद पुन्हा वाचली. त्यात हं आहे. भाषण आहे. तिचं वाक्य एकच आहे.
बैठकीत मी भाषणाचा शेवट तरी म्हणू द्या म्हटलं. बाई म्हणाल्या, वेळ संपली. बाहेर दुसरं जोडपं बसलं होतं. चित्रपटातल्या डॉक्टरकडे घड्याळ नसतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
खोकी भरणं चालू. तिने मला टेप धरायला सांगितला. धरला.
खचून जायचं कारण नाही. चित्रपटात सगळं स्टेशनवर फिरतं. रविवारी सकाळी अकरा वीसची गाडी. सोडायला येतोस का, असं तिने विचारलं. मी काम आहे म्हटलं. सोबत गेलो तर धावत कसा येणार?

२९ सप्टेंबर, रविवार
ती दहाला टॅक्सीने गेली. मी सव्वादहाला निघून स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीत बसलो. वेळेवर आत जाण्यात अर्थ नव्हता. गाडी हलायला लागली पाहिजे, आपण घामाघूम पाहिजे. अकरा सतराला धावत सुटलो. दारात तिकीट तपासनीस. प्लॅटफॉर्म तिकीट? म्हटलं, माझी बायको चाललीय. तो म्हणाला, सगळ्यांचं कुणी ना कुणी चाललंय, तिकीट दाखवा.
तिकीट काढून आत गेलो तेव्हा अकरा तेवीस झाले होते. गाड्या हल्ली वेळेवर सुटतात. फलाटावर एक हमाल हातगाडीवर बसला होता. चुकली का, असं त्याने विचारलं. मी ‘जाऊ नकोस’चा शेवट तयार ठेवला होता. तो गिळून हो म्हटलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार, सायंकाळी ७
तिचा आवाजी निरोप आला. तीन मिनिटं अकरा सेकंद. आज पहिला दिवस होता, त्यात काय झालं ते सगळं. माझी सवय, आधी माझ्या वाक्याला जागा कुठे ते बघतो. एकच सापडली. अडीच मिनिटांच्या सुमारास ती थांबते. चार सेकंद. तिथे काहीतरी म्हणायचं असणार मला. तिथे काय बसेल ते ठरवत निरोप तीनदा लावला.
चौथ्यांदा खुर्ची ओढून, डोळे मिटून ऐकलं. ती थांबलेली नाही. पाणी पितेय. घोट ऐकू येतो, ग्लास ठेवल्याचाही आवाज येतो. मग पुढे सुरू. आवाज बरा वाटला. बसलेला नाही, उलट मोकळा.
परत येण्याबद्दल काही नाही. गॅलरीतला नळ दुरुस्त करायला माणूस येणार आहे, त्या दिवशी घरी थांब म्हणालीय. कोणत्या वारी म्हणाली ते ऐकायचं राहिलं.
पुन्हा लावतो.