वळणावरचा रांजण

३ जून
वाळवंट मला मानवणार असं दिसतंय! काम पहारेकऱ्याचं. दगड झालेल्या देवमाशांची हाडं सांभाळायची, आणि संध्याकाळी खजुराची फांदी ओढून वाळू सपाट करायची, म्हणजे सकाळी चोराची पावलं उमटलेली दिसतात. सोबतीला म्हातारा बेदुईन, तुल्बाचाचा. माग वाचण्यात याचा हात धरणारा कोणी नाही. मी कालव्यांच्या फय्यूम शहरातला; माझा माग पाहून म्हणाला, "आलं फय्यूमचं बदक!" पाऊल खोल तर अंगावर ओझं, एवढं मलाही शिकवलं.

५ जून
चाचा भाचीच्या लग्नाला गेला. येत्या नव्हे, पुढच्या शनिवारी पाण्याच्या गाडीबरोबर येईल. वळणावरचा रांजण वाटसरूंचा आहे, रोज भरायचा, असं दहादा बजावलं. "तू तहानेला राहा, बदका, पण तो कोरडा ठेवू नकोस."

७ जून
भर उन्हात मैलभर पाणी वाहायचं, आणि पिणारं कोण? जूनमध्ये इकडे चिटपाखरू फिरकत नाही. रांजण पालथा घातला. चाचाला काय कळतंय!

१० जून
रांजणाजवळ अनवाणी पावलं. बाईची. येताना खोल, जाताना उथळ. मधे गुडघे टेकल्याच्या खुणा. हाडांच्या आडोशाला दगडांचा ढीग, जेमतेम दोन हात लांब, ताजा.

खाली काय आहे ते कळलं. पण चाचा हे वाचेल, नोकरी जाईल, याची धास्ती जास्त. फांदीने सगळं पुसलं. दगडही विखरून टाकले.

११ जून
माझ्या दाराशी इवली इवली पावलं. आत येणारी. बाहेर जाणारी नाहीत. खोलीतल्या पाण्याच्या दोन पिंपांपैकी एक रिकामं. जमीन मात्र कोरडी.

१२ जून
रांजण सरळ करून काठोकाठ भरला. तासाभरात कोरडा. पावलं आता खाटेभोवती. मोठ्यानं माफी मागितली. आतून कुणीतरी पिंप चाटत होतं.

१३ जून
दुसरंही पिंप —
गाडी परवा. तोवर जगत नाही. डांबरी रस्ता गाठतो.

१३, दुपार
खडकाच्या सावलीत. उठवत नाही. पाठीवर ओझं — निघाल्यापासून — गळ्यात हात, बारीक, गरम —
पाणी मागतंय. म्हटलं, बाळा, थेंब नाही रे, खरंच —
हसलं. "आहे की, काका. तुमच्यात आहे."
मानेला तोंड लाव—