आधी आजींना विचारा

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
आज सामान आलं. वरखाली होणारा पलंग, भाडं महिना अडीच हजार. हवेची गादी चार हजारांना, घासाघीस करून. कफ ओढायचं मशीन जुनंच घेतलं, साडेतीन हजार. हे एपीएमसी मार्केटातून पाच किलो वाटाणे घेऊन आले, तेही सोलून झाले.
चिपळूणचं घर बंद करून मी कालच सानपाड्याला आले. ह्यांची नोकरी तळोज्याला. सासूबाई दोन वर्षं इथे ह्यांच्याजवळच आहेत. दिवाळीनंतर त्यांचं अंग गेलं, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. समजतं मात्र सगळं. आधीची वीस वर्षं त्यांचं सगळं मीच केलं होतं. आता पुन्हा माझ्या हातून सेवा घडणार, महाराजांची कृपा. दिवसा एजन्सीच्या अरुणा सिस्टर असतात.

६ जानेवारी
अरुणा सिस्टर हाताने स्वच्छ आहेत. पण आईंना विचारल्याशिवाय काही करत नाहीत. आजी, कूस बदलू का? आजी, अंग पुसू का? एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नको. नको म्हटलं तर थांबतात, समजावतात, परत विचारतात. मी हसून म्हटलं, पाठ पुसायलाही परवानगी लागते होय? त्या म्हणाल्या, “अंग त्यांचं आहे, वहिनी.”
नाकातल्या नळीतून पातळ पेज देतात. तोंडावाटे थेंबही द्यायचा नाही, फुप्फुसात जाईल, असं बजावलं.

९ जानेवारी
कंगवा मी घेतला. सिस्टर म्हणाल्या, आधी आजींना विचारा. विचारलं. डोळे दोनदा मिटले. मग सिस्टरांनी विचारलं, तेव्हा एकदाच.
वीस वर्षं ती वेणी मी घातली. वर हे संध्याकाळी सिस्टरांना म्हणाले, तुम्ही आहात म्हणून आई आहे. माझ्या चहाला साखर कमी, एवढंच मला म्हणाले. मी जपाला बसले, पण माळ मध्येच चुकत होती.

१२ जानेवारी
पूजेचं तीर्थ आईंना द्यायला गेले. दोनदा डोळे. मी म्हटलं, सिस्टर, तुम्हीच त्यांना शिकवून ठेवलंय. त्या चिडल्या नाहीत. “त्यांनी नको म्हटलेलं कुणी जबरदस्तीने दिलं तर मी ते लिहून ठेवीन, वहिनी. नोकरी गेली तरी.”
घरात मी सून की ती?

१४ जानेवारी, संक्रांत
खरं इथे तरी लिहिते.
सिस्टर डबा खायला स्वयंपाकघरात गेल्या. चिपळूणला दर वर्षी आई पहिला तिळगूळ माझ्या हातचा खायच्या. मी विचारलं. डोळे मिटले, दोनदा. मी मनात म्हटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल. कणभर जिभेवर ठेवला.
आई काळ्यानिळ्या पडल्या. सिस्टर धावत आल्या, मशीन लावलं, जीव वाचला. मशीनच्या बाटलीत तीळ दिसले. त्यांनी नोंदीच्या वहीत लिहिलं, वेळ घालून: सूनबाईंनी, नकार असताना. मी पाया पडले, खोडा म्हटलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना आणि साहेबांना, म्हणजे ह्यांना, सांगावंच लागेल.
ह्यांना फोन आधी मी केला. तिळगूळ सिस्टरांनी दिला म्हणून सांगितलं. वहीचं पान फाडून देवापुढच्या दिव्यावर जाळलं. संध्याकाळी एजन्सीने त्यांना काढलं. जाताना त्या आईंना विचारून गेल्या, आजी, मी येऊ?

१६ जानेवारी
दुसरी सिस्टर सोमवारी येणार. तोवर मीच, एकटी. मनासारखं झालं.
आई डोळे मिटत नाहीत. हो नाही, नको नाही. पापणीच हलत नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले.

१७ जानेवारी, संकष्टी
त्यांना भिंतीकडे कुशीवर केलं. आरती करून आले तर तोंड दाराकडे. ह्यांना सांगितलं. म्हणाले, उपासाने तुला भास होतात.

१८ जानेवारी
दुपारी जरा आडवी झाले. उठले तर मीच दुसऱ्या कुशीवर. माझे केस विंचरलेले, वेणी घट्ट, आईंची मी घालायचे तशी. घरात मी आणि त्या. मला कुणी विचारलं नाही —
पाणी घोटताना नाकातून आलं.

१९ जानेवारी
जीभ जड. ह्यांना खरं सांगायला गेले, आवाजच — हे ड्युटीवर गेले. उजवा हात उचलत नाही. डाव्याने लिहिते. हे पत्र वॉचमनकडे देईन, टाकेल टपालपेटीत.

अरुणाताईंस,
तिळगूळ मी दिला. तुम्ही लिहिलंत ते खरं. साहेबांना हेच पान दाखवा. तुमची नोकरी —
तुम्ही या. तुम्ही विचारता. इथे कुणी विचारत नाही — आईंचा पलंग रिकामा आहे — पाठीमागे कुणी आहे, हनुवटी धरलीय — मी दोनदा डोळे मिटले, ताई, दोनदाच — तरी जिभेवर तीळ —
येता की नाही, उलट टपाली कळ