खाली है

आई, काल हजरतगंजातल्या एका सभागृहात तुझा विषय निघाला. जुन्या लखनौवर आलेल्या संकटांबद्दल बोलायला म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावलं होतं. माझे गुडघे धड चालत नाहीत, पण सून म्हणाली, ‘मम्मी, चलिए ना, आपका भी तो पुराना शहर है,’ म्हणून गेले. आधी तो दुष्काळ झाला, लोकांच्या पोटाला काही मिळावं म्हणून नवाबानं इमामबाडा बांधायला काढला तो. मग सत्तावनचा वेढा, तोफा, मेलेली माणसं. सगळे चहा पीत ऐकत होते. फार जुनं मरण बिस्किटाबरोबर सहज उतरतं बघ. मग गोमतीच्या पुराबद्दल सांगायला एक टकलू गृहस्थ उठले. त्यांनी आपल्याच गल्लीचं नाव घेतलं. आपल्या घरमालकांचा नातू होता तो. ‘हमारी दादी उसी बाढ़ में गईं,’ तो म्हणाला. ‘ऊपर किराए पर मराठी लोग रहते थे. नाववाले ने पूछा, नीचे कोई है? उनकी औरत ने कह दिया, खाली है. सोचा होगा, पहले हमें निकाले.’ लोक ‘राम राम’ म्हणाले. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

तो दिवस मला अजून दिसतो. बाबा रेल्वेच्या कामावर पुलापलीकडे अडकलेत. घरमालक आपल्या बायकोला, तळमजल्यावरच्या अम्माजींना, हलवायला माणसं आणतो म्हणून बाहेर पडलेत, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी गल्लीत शिरलंय. अम्माजी अंथरुणाला खिळलेल्या, अंगानं भारी. तू काटकुळी, त्यात पोटुशी. मी पाय धरते, तू खांदे धरतेस, त्या जागच्या हलत नाहीत. शेवटी तू त्यांना पलंगावर उशांना टेकवून बसवतेस आणि मला ओढत गच्चीवर धावतेस, कुणी दिसतंय का बघायला. नाव येते. नावाडी ओरडतो, ‘नीचे कोई है?’ तू कठड्यावरून वाकून बोटानं दाखवतेस, ‘खाली है! खाली है!’ साताऱ्याची बाई तू. ‘आहे’चं ‘है’ केलं की झाली हिंदी, एवढंच तुझं व्याकरण. अम्माजी खाली आहेत हो, हे तू जीव तोडून सांगत होतीस. ‘अच्छा, खाली है,’ म्हणत त्यानं नाव पुढच्या घराकडे वळवली. तुला वाटलं, मागच्या दारानं येतोय. तू वाट बघत राहिलीस आणि पाणी जिना चढत राहिलं.

घरमालक परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. नावाड्यानं त्यांना वाटेतच सांगितलं होतं. ‘आपने तो कहा, खाली है!’ ते किंचाळले. आणि तू, अगं माझे आई, रडत रडत म्हणालीस, ‘हाँ, खाली ही थी!’ दुसऱ्या दिवशी कसेबसे घरी पोचलेल्या बाबांनी सांगितलं की इथं खाली म्हणजे रिकामं. ‘जाऊन सांगा ना हो त्यांना,’ म्हणून तू बाबांच्या पाया पडलीस. ते म्हणाले, ‘आता कसले शब्दार्थ सांगायचे? माणूस परत येणार आहे का?’ आणि पाणी ओसरताच आपण लखनौतच, महानगर नावाच्या वस्तीत बिऱ्हाड हलवलं.

त्यानंतर तू हिंदी सोडलीस ती सोडलीसच. भाजीवाल्याला नुसतं बोट दाखवायचीस. इंदिरानगरच्या घरात नातवंडं ‘आजी, हिंदी बोलो ना यार’ म्हणून खिजवायची, तू हसून मराठीतच बोलायचीस. घरमालकांनी घेतलेला आळ तुला लागला, असंच मी धरून चालले होते.

म्हणून काल उठले. ‘भैया, वो मेरी माँ थीं,’ म्हटलं. मराठीत खाली म्हणजे नीचे, हे भर सभेत सांगितलं. बोलताना रडले, लाज वाटली नाही. तो मटकन खुर्चीत बसला. मला वाटलं, चला, सुटलीस एकदाची. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला, हात धरून म्हणाला, ‘दीदी, तो अम्मा ने दादी को छोड़ा नहीं था.’ आणि मग, ‘पर दादी तो नीचे सब सुन रही होंगी ना?’

आई गं. एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. तुला मात्र बाबांनी अर्थ सांगितला त्याच क्षणी सुचलं असणार. आळाबिळाचं तुला काही नव्हतंच. पाणी पलंगाला लागलेलं असताना अम्माजींनी तुझाच आवाज ऐकला, घर रिकामं आहे म्हणून सांगणारा. त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हे मनात धरून तू जन्म काढलास, आणि कुणाशी बोलणार होतीस, कुठल्या भाषेत?

मी त्याला म्हटलं, ‘नहीं भैया, दादी मराठी समझती थीं. माँ ने ही सिखाई थी.’ त्याचा जीव भांड्यात पडला, माझे हात त्यानं डोळ्यांना लावले. घरी सुनेलाही मी तेच सांगितलं. आज तुलाही तेच लिहायला बसले होते, पण तुझ्यापुढे ते ठोकून देता येईना. हा कागद पाठवायला पत्ता असता तरी पाठवला नसता. अम्माजींना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं.